पुतळीचा ठसा

भिशी लागली, तेव्हा मिक्सर नाही घेतला.
पुण्याहून कुरियरने कागद कापायचं मशीन मागवलं:
दोन रूळ, एक दांडा, प्लास्टिकच्या दोन पाट्या,
आणि त्यांच्यामध्ये ठेवायला पोलादी पात्याचं फूल.

सासरे पायरीवर बसून खोकं उघडताना बघत होते.
म्हणाले, "हाऊ ते आपला रोल शे."
खरंच. दुकानाच्या कोपऱ्यात, पोत्याखाली,
पत्रा ओढायचा त्यांचा रोल उभा आहे,
सात वर्षं गुंजभर सोनं न चावलेला.
बाहेरून तयार माल आला, चकचकीत, हलका,
आणि पारोळ्याच्या गल्लीत
सुपडू विसपुत्यांची हातोडी
आधी सणापुरती उरली,
मग दुरुस्तीपुरती.

मी दांडा फिरवते. पाट्या करकरतात.
रसवंतीच्या चरकात ऊस जावा तसा कागद जातो
आणि पलीकडून निघते कोयरी, मोर, जाळीची कडा.
शाळेतल्या बाईंच्या निरोपाला वीस कार्डं.
कुणाच्या पाळण्यावर टांगायला चांदण्या.
वैशाखात डिंक ब्रशवरच वाळतो.
सोनेरी पूड फुलवायला म्हणे गरम हवेचं यंत्र लागतं;
मी कार्ड बागेसरीवर धरते,
तेवढ्यासाठी ते निखारे फुंकून देतात.

पण उठाव मनासारखा येईना.
साच्यातली फुलं सगळी परकी,
आपल्या कुठल्याच झाडाची नाहीत.
एका दुपारी मी ठशांची पेटी मागितली.
ते तंबाखू मळत राहिले, बराच वेळ,
मग पायाने पेटी माझ्याकडे सरकवली.
काशाचे ठसे. टिका, गहूमणी, बोरमाळेचा मणी,
आणि तळाशी, फडक्यात वेगळा बांधलेला, पुतळीचा.

तो फडक्यात का, हे घरात सगळ्यांना ठाऊक.
नणंदेची माळ, एकवीस पुतळ्या,
माझ्या लग्नात आटवली. माझ्या पाटल्या झाल्या.
"दिवाळीपर्यंत करून देतो," असं ठरलं होतं.
नऊ दिवाळ्या झाल्या.
कमळाताई सुरतेला, उधन्याला असतात.
आखाजीला आम्ही झोका बांधतो,
शेजारच्या लेकी येऊन खेळून जातात.

पहिला कागद फाटला. दुसराही.
तिसऱ्यावर लक्ष्मी उठली, पण नाकाविना.
ते मागे येऊन उभे राहिले.
"सोनं चुकनं ते मुशीमा जास.
कागद चुकना ते कोठे जाई?"
आणि हातोडी माझ्या हातातून घेतली.
ओला नको, नुसता दमट.
वर शिशाची वडी. मनगट सैल.
एकच घाव.

लांबून कोरा कागद.
बोट फिरवलं तर कमळ, हात, मुकुट,
सगळं जागच्या जागी.

वीस त्यांनी मारल्या. एक माझी राहू दिली.
मशीनमधून गोल कापून मी त्या कार्डावर
लाल दोऱ्यात ओवल्या.
आत काय लिहायचं, विचारलं,
तर चष्मा लावून त्यांनीच लिहिलं,
वहीत लिहायचे तसं, तिरकं:
पुतळ्या, नग एकवीस. वजन नाही.
सोनं देणं बाकी.
आखाजीले ये.

संध्याकाळी त्यांनी कुंच्याने ओटा झाडला
आणि कागदाचा चुरा डब्यात भरला,
झारेकऱ्यासाठी ठेवायचे तसा.
दुकानातली धूळ विकत घेणारा तो माणूस
कधीचा यायचा थांबलाय.
मी काही बोलले नाही. झाकण घट्ट होतं, तेवढं लावून दिलं.

पाचव्या दिवशी फोन आला, माझ्याच नंबरवर.
मी हॅलो म्हटलं. पलीकडे नुसते लूम.
मग कमळाताई म्हणाल्या,
"अकरावी पुतळी तुझी आहे ना?
तिला नाक नाही."
मी हो म्हटलं.
त्यांनी फोन ठेवला नाही.
धोटे धावत राहिले,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.